बर्फखान्यातली बदली

—नाही, नाही, बॅग तिथं नको, भिंतीपासून वीतभर तरी लांब ठेव. हात लावून बघ भिंतीला. ओली आहे ना? बारा महिने ओलीच असते. या देशात दोनच ऋतू, ऊन आणि ओल, आणि तेसुद्धा एकाच दिवशी. नऊ वर्षांत माझ्या तीन बॅगा कुजल्या या खोलीत. कातड्याचा पट्टा आणला असशील तर आजच काढून ठेव, आठ दिवसांत हिरवा पडतो, मग घासत बसशील. बस आधी. पलंगावरच बस, खुर्चीचा एक पाय लटपटतो. काल तुला आणायला यायचं होतं रे मला, पण पाळी सोडता येईना — ऑफिसच्या कारकुनाला पाठवलं, तो बरोबर आला ना? आला असेल, असल्या कामात तो चोख आहे. झोप लागली का? नसेलच लागली. ही जी धडधड येतेय ना भिंतीतून, ते आपलं मशीन. भिंतीपलीकडेच बर्फाचा कारखाना. पहिले पंधरा दिवस वाटतं डोकं फुटेल, नंतर उलटं होतं, आवाज थांबला की माणूस दचकून उठतो. तुला पंधरा दिवससुद्धा लागायचे नाहीत. तू तरुण आहेस. आणि दोनच महिन्यांचा तर प्रश्न आहे.

तर ऐक. माझं विमान चारला. बारा वाजता आपण दोघांनी साहेबाच्या ऑफिसात जायचं, तू कागदावर सही करायची, मग तो कपाटातून माझा पासपोर्ट काढून देणार, आणि मी मोकळा. इथला नियम तुला ताईनं सांगितलाच असेल — मशीन चालवणाऱ्या माणसाला रजा हवी असेल तर त्यानं स्वतःची बदली स्वतः आणून उभी करायची. बदली नाही तर रजा नाही. मशीनला सुट्टी नसते, मग मशीनवाल्याला कुठून? ते एक तास बंद पडलं तर टाकीतलं पाणी गरम व्हायला लागतं, बर्फाच्या लाद्या सुटायला लागतात, आणि तिकडे धक्क्यावर बोटी मासळी घेऊन बोंबलत उभ्या. म्हणून बदली. म्हणून तू. मेहुण्याला असं कामाला जुंपणारा दाजी जगात दुसरा नसेल, असं म्हणत असशील मनात. म्हण. तुझा हक्कच आहे.

आता अकरा वाजायला आलेत, तेवढ्यात जेवढं सांगता येईल तेवढं सांगतो, लिहून घेतोस का? नको, लक्षात ठेव, कागद इथं टिकत नाही. आधी खोली. घरमालकीण खाली राहते. बाई मनानं वाईट नाही, पण खिळे मोजते. हसू नकोस, खरंच मोजते — तू खोली सोडशील तेव्हा वर येणार, चष्मा लावणार, आणि भिंतीला बोट लावत लावत खिळ्यांची भोकं मोजणार. म्हणून आजच चारी भिंतींचे फोटो काढून ठेव. हा डाग, तो पोपडा, ती फुटलेली काच, मोरीतला तुटका नळ, सगळ्याचे. विजेच्या मीटरचा पण काढ. फोटो काढून तिला दाखव, तिच्यासमोर काढ, म्हणजे तिलाही कळतं की हा माणूस झोपलेला नाही. मी काढले नव्हते. मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं म्हणा — पण मला वाटलं, दोन महिन्यांसाठी कशाला एवढे सोपस्कार. मीठ बाटलीत ठेवायचं, वर तांदळाचे चार दाणे टाकून. बूट घालायच्या आधी उलटे करून आपटायचे, आत काय बसलेलं असेल सांगता येत नाही. गादी आठवड्यातून एकदा उभी करायची, खालून बुरशी धरते. पाणी कधीच नळाचं नाही, उकळलेलं, आणि तहान लागायची वाट बघायची नाही. तहान लागली म्हणजे उशीर झालेला असतो, हे इथलं पहिलं शहाणपण. आपल्याकडे ऊन डोक्यावर येतं, इथं ते हळूच खालून चढतं, पोटऱ्यांत गोळे येतात, मग डोकं दुखतं, आणि मग माणूस विनाकारण हसायला लागतो. कोणी असा हसताना दिसला तर त्याला सावलीत आडवा कर आणि मानेला ओलं फडकं लाव. मी एकाला बघितलंय हसताना. नवा होता. सगळ्यांना वाटलं, लवकर रुळला पोरगा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ही खूणगाठ बांधून ठेव — जो कागद वाचता येत नाही त्यावर सही करायची नाही. भाड्याचा असो, दवाखान्याचा असो, सिमकार्डाचा असो. इथली लिपी म्हणजे नुसत्या अळ्या वाटतात पहिल्यांदा. समोरचा गोड हसतो, बोट ठेवतो, इथं, इथं आणि इथं, आणि आपण आपलं नाव लिहून मोकळे. नाही करायची. म्हणायचं, उद्या करतो. उद्यापर्यंत कोणाकडून तरी वाचून घ्यायचा. रागावतील, रागावू दे.

काय? — आजचा? तो वेगळा. तो ऑफिसचा कागद आहे रे, नेहमीचाच, छापील. त्यात काय वाचायचंय. मी आहे ना.

हां, तर काम. काम अवघड नाही, पण लक्ष हवं. तू गॅरेजात इंजिनं उघडलीस, तुला समजवायला लागणार नाही. दोन काटे आहेत, एक डावा, एक उजवा, डाव्यावर मी लाल रंगाची खूण केलीय, काटा खुणेच्या पुढे गेला की वरची झडप अर्धा फेरा फिरवायची, पूर्ण नाही, अर्धा. तेल दर पाळीला बघायचं. आत टाकीवर थंडी, बाहेर भट्टी, त्यामुळे आतून बाहेर येताना दारात दहा मिनिटं थांबायचं, एकदम उन्हात उडी मारायची नाही, छाती भरते. आणि वास. अमोनियाचा वास तुला माहीत नाही अजून. नाकात कोणी सुई घातल्यासारखं होतं. थोडा असेल तर गंधकाची काडी पेटवून पाइपाजवळून फिरवायची, जिथं पांढरा धूर धरेल तिथं गळती. जास्त असेल तर काही शोधत बसायचं नाही, शूरपणा करायचा नाही, तोंडावर ओला टॉवेल आणि वारा जिकडून येतो तिकडे पळायचं. मुखवटा आहे कारखान्यात, पण एकच आहे, आणि माणसं पाच. तू मशीनवाला म्हणून तो तुझा. इतरांकडे बघायचं नाही त्या वेळी. हे ऐकायला वाईट वाटतं ना? मलाही वाटलं होतं. चार वर्षांपूर्वी एका दुपारी गळती झाली, मी मुखवटा घालून झडप बंद केली, बाहेर आलो, तर क्रेनवाला दारात बसला होता डोळ्यांवर हात घेऊन. त्याचे डोळे गेले. दोन्ही. त्याच्या देशात पाठवून दिलं त्याला, बायको न्यायला आली होती. मला म्हणाला, तू आधी झडप बंद केलीस ते बरोबर केलंस. मी आधी त्याला बाहेर काढायला हवं होतं, आणि ते त्यालाही माहीत होतं आणि मलाही. माझीही छाती तेव्हापासून अशीच वाजते, ही ऐक, बोलताना शिट्टी येते मधेच. ताईला सांगू नकोस. म्हणजे मीच जातोय म्हणा आज, तीच ऐकेल.

ताई काय म्हणत होती निघताना? रडली? रडत नाही ती, मला माहीत आहे. मी इकडे आलो तेव्हाही नव्हती रडली. पोरगी बालवाडीत होती आमची, तेव्हा ओठाला खडू लावून माझ्याकडे बघत होती. आता उंच झाली म्हणे आईएवढी. फोनवर बघतो ना मी, पण फोनवर उंची कळत नाही. आधी रोज विचारायची, बाबा कधी येणार, बाबा कधी येणार, मी कावायचो, अगं सारखं काय तेच. मग आठवड्याला विचारायला लागली. मग वाढदिवसाला. या वर्षी वाढदिवसाला विचारलंच नाही तिनं. मी वाट बघत होतो रे फोन धरून, की आता विचारेल, आता विचारेल. ती म्हणाली, ठेवू का, मैत्रिणी आल्यात. त्याच दिवशी तुझ्या ताईनं मला सांगितलं — यायचं असेल तर या वर्षी या, नाहीतर येऊच नका, आम्हाला आता तुमच्याशिवाय जमायला लागलंय. रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर मी ओढत नेलं असतं अजून वर्षभर.

मग मी तुझं नाव काढलं. म्हणजे मीच काढलं. ती नको म्हणत होती. म्हणाली, त्याच्या बायकोला दिवस गेलेत, पहिलंच आहे, त्याला कशाला अडकवता. मी म्हटलं, दोन महिने. बाळंतपण तीन महिन्यांवर आहे, त्याच्या आधी तो घरी. शेवटी ती म्हणाली, माझ्या भावाला परत पोचवायची जबाबदारी तुमची. मी म्हटलं, हो. 'हो' म्हणायला काय लागतं? काही लागत नाही.

काय? परत कागद? अरे तू त्या कागदाच्या मागेच लागलास. सांगितलं ना वेगळा आहे. — हो, त्यांच्याच भाषेत आहे. — हो, मला येते वाचायला, चार वर्षं झाली, क्रेनवाल्याच्या भानगडीत कचेरीचे हेलपाटे घालताना शिकलो. — काय लिहिलंय म्हणजे? नाव, गाव, बापाचं नाव, काम. बाकी नियम. सगळीकडे असतात तसेच.

थांब. चहा करू का? दूध संपलंय. काळाच घ्यावा लागेल. नको? बरं.

हे बघ, मी तुला मास्तरांचं सांगतो. मास्तर म्हणजे माझ्या आधी या खोलीत राहणारे. कुठले मास्तर नव्हते, मशीनवालेच, पण कोणी चुकीचं बोललं की सुधारायचे, म्हणून मास्तर. आपल्याच भाषेतले. माझ्या चुलत्यांच्या ओळखीतले. त्यांनी मला फोन करून बोलावलं, आईचं ऑपरेशन आहे, दोन महिने माझ्या जागी उभा राहा, पैसेही मिळतील, देशही बघशील. मी आलो. याच पलंगावर बसवलं मला त्यांनी. मिठाची बाटली, बूट, गादी, घरमालकीण, सगळं सांगितलं. हे जे मी तुला सांगतोय ना सगळं, हे माझं नाहीच, त्यांचंच आहे, शब्दसुद्धा त्यांचेच. भिंतीचे फोटो काढ म्हणाले होते तेच. इतक्या मायेनं सांगत होते, मध्येच डोळे पुसत होते, मला वाटलं, आईची काळजी. मला कौतुक वाटलं त्यांचं. परक्या मुलखात आपली भाषा बोलणारं माणूस भेटलं की आपण अर्धे आंधळे होतो, ते जे म्हणेल ते खरं. दुसऱ्या कोणी बोट ठेवलं असतं तर मी दहा वेळा विचारलं असतं, काय आहे, कसला आहे. मास्तरांनी बोट ठेवलं, मी सही केली. पेनही त्यांचंच होतं. ते पेन मला देऊन गेले.

दोन महिन्यांनी फोन केला. उचलला. म्हणाले, आईला अजून बरं नाही, पंधरा दिवस दे. मग पंधरा दिवसांनी उचलला नाही. मग नंबरच बंद. मी साहेबाकडे गेलो, म्हटलं, माझे दोन महिने झाले. साहेब हसला, चांगलं हसला, म्हणजे कुत्सित नाही. त्यानं कागद काढला, दाखवला. मला काय कळणार, अळ्याच त्या. पाच वर्षं मी मास्तरांना शिव्या घातल्या. येता जाता. मेल्या माणसाला घालाव्यात तशा. मग वाचायला शिकलो, आणि एक दिवस ऑफिसात कोणी नव्हतं, माझाच कागद काढून वाचला. त्यात दोन महिने कुठंच नाहीत. दोनही नाहीत आणि वीसही नाहीत. तारखेची जागा कोरी. खाली लिहिलंय, बदली म्हणून आलेल्या माणसानं, स्वतःची बदली आणून उभी करेपर्यंत, आधीच्या माणसाच्या सगळ्या अटींवर काम करावं, आणि आधीच्या माणसाचा संबंध संपला असं समजावं. संपला. एवढंच. मास्तर परत येणार होते की नव्हते याचा प्रश्नच नव्हता, कागदात मास्तर उरलेच नव्हते. आणि खालच्या फायलीत मास्तरांचा कागद होता. तेही बदलीच आले होते. त्यांच्या आधीच्याचाही होता. मी पुढे बघितलं नाही. पुढे बघून काय करणार?

नाही, असं नाही की मी प्रयत्न केला नाही. परक्या लोकांना बोलावून बघितलं. एकाला आणलंही होतं, त्यानं टाकी बघितली, मुखवटा एकच का म्हणून विचारलं, आणि त्याच संध्याकाळी पसार. शहाणा. परका माणूस विचारतो ना. दोन महिने म्हटलं की तो म्हणतो, लिहून द्या. लिहून न मागणारा कोण? घरचा. घरच्यालाच फसवता येतं, बाहेरचा फसत नाही — हे मला मास्तरांनी शिकवलं, न सांगता. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, पण मला होती बरं का. मी अक्कल वापरूनच तुला निवडलं. तीन नावं होती माझ्या डोक्यात. एकाला पाठीचा त्रास, एक संशयी. तू मला दाजी म्हणताना खाली बघतोस. लग्नात माझे बूट लपवून तूच परत आणून दिले होतेस, हट्ट न करता, सगळे तुला हसले होते. म्हणून तू.

बोल की काहीतरी.

बरं, नको बोलूस. मीच बोलतो. काल पाळीवर होतो ना, रात्रभर ठरवत होतो, सांगायचं की नाही. सांगायचं नाही असं ठरवून आलो होतो सकाळी. आणि मग तू दार उघडलंस आणि ताईसारखीच मान वाकडी करून विचारलंस, दाजी, जेवलात का. आता तुझ्याच तोंडावर म्हणतो मी — सही करू नकोस. ऐकतोस ना? बारा वाजता साहेबाकडे आपण जायचंच नाही. तुझा व्हिसा तीस दिवसांचा आहे, कागदावर सही नाही तोपर्यंत तू इथला पाहुणा. तू पाहुण्यासारखा परत जा. माझं तिकीट गेलं तर गेलं. तसंही आता पोरीला काय, बाबा नसला तरी उंची वाढतेच. तू जा, बायकोजवळ बस. ताईला सांग, मशीनची मोठी दुरुस्ती निघाली म्हणून दाजी अडकले. नाहीतर खरंच सांग. नको, खरं नको सांगूस. हां, खरंच सांग. उठ, बॅग उघडलीच नाहीयेस ते बरं झालं.

उठ ना. बसलास काय?

काय म्हणालास?

काल? कुठं — गाडीत? — विमानतळाच्या बाहेरच. कारकुनानं? निळ्या रंगाचा होता का, वरती शिक्का? — खोलीच्या किल्लीसाठी म्हणाला. किल्लीसाठी सही. आणि तू केलीस. — नाही रे, मी रागावत नाही. मी कशाला रागावू. वाचता येत नव्हता तर — नाही, तुला कोण सांगणार होतं, सांगणारा इथं पाळीवर होता. कारकुनाला मी पाठवलं. तो चोख आहे म्हणून. त्याला मी सांगितलं नव्हतं सही घ्यायला, शपथेवर सांगतो. फक्त म्हटलं होतं, उद्या उशीर नको व्हायला, विमान चारला आहे. एवढंच म्हटलं होतं.

म्हणजे पासपोर्ट आत्ताच तयार आहे माझा.

खरं सांगू का तुला? तू 'काल' म्हणालास ना, तेव्हा मला आधी काय वाटलं माहीत आहे? वाईट नाही वाटलं. आधी वाटलं, सुटलो. आत्ता दोन मिनिटांपूर्वी तुला उठ म्हणत होतो, तेही खोटं नव्हतं, ते मनापासून होतं, पण ते बोलताना माझी छाती दगडासारखी झाली होती, आणि तू 'काल' म्हणालास आणि ती सुटली. श्वास आला. मला माझी लाज वाटतेय. पण श्वास आला तो आला. आता मी न जाऊन तुझं काय होणार आहे? सांग. सही झाली ती झाली. मी थांबलो तर दोघंही इथं, गेलो तर एक तरी घरी. हिशेब सरळ आहे. कालचीच सही आहे, अजून तीन दिवस व्हायचेत म्हटलं तरी — म्हणजे —

काही नाही. काही म्हणालो नाही.

तीन दिवसांचं काय? काही नाही रे, कायद्यात असतं काहीबाही. — बरं, सांगतो, तू काय सोडणार नाहीस. सही केल्यापासून तीन दिवसांत कामगार कचेरीत जाऊन ती मागे घेता येते. पण एकट्यानं नाही. आधीचा माणूस बरोबर लागतो. त्यानं त्याचं नाव परत चढवायचं, मग नव्याचं खोडतात. दोघं खिडकीवर समोरासमोर. एकटा गेलास तर आतसुद्धा घेत नाहीत. — हो. आज उघडी आहे. — पाचपर्यंत. — इथून रिक्षानं अर्धा तास.

हो, मला माहीत होतं. मास्तरांनाही माहीत असणार. मला कोणी सांगितलं नव्हतं, तुला मी सांगितलं, एवढा तरी फरक आहे ना माझ्यात आणि त्यांच्यात?

असा गप्प नको राहूस. शिव्या दे, मला चालेल. चल म्हण. तू एकदा 'चला दाजी' म्हणालास ना, तर मी येईन. येईन बहुतेक. तू म्हणत का नाहीस? मान खाली घालून बसलास — असा कसा रे तू, असाच आहेस म्हणून तर —

थांब. फोन. साहेबाचाच.

हां साहेब. — हो, आलाय. इथंच आहे. — नाही, सगळं सांगितलंय त्याला, नीट समजावलंय. — पाळी? हो. हो, आत्ता पाठवतो. तो येतोय साहेब.

ऐकलंस ना. 'तो येतोय' म्हणालो. तोंडातून तेच निघालं. मी ठरवलं नव्हतं, पण निघालं, आणि निघालं म्हणजे तेच खरं असणार. ताईला मी काय सांगायचं ते सांगेन. तुझ्या बायकोला पण मीच जाऊन — बघू. ती माझी काळजी आहे, तुला इथं ती करत बसून उपयोग नाही. उठ. शर्ट बदलू नकोस, तिथं तेलच लागणार आहे. जिना उतरलास की उजवीकडे निळं दार, आत आवाज असेल, मोठ्यानं बोलायचं. टाकीजवळची फरशी ओली असते, घसरून दोघांचे हात मोडलेत, खाली बघून चालायचं. माझ्याकडे काय बघतोस. खाली बघ. जा.